एकवीस दिवसांची मुदत

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या देवस्थळी सरांनी यंदा एकवीस दिवस मला ओळख दाखवली नाही. भांडण झालं नव्हतं. उलट त्यांच्या मते त्यांनी माझा मोठा मान केला होता, आणि मान केला म्हणूनच बोलणं बंद. मी लिफ्टमध्ये शिरलो की ते भिंतीकडं तोंड करून उभे. आमची लिफ्ट चार माणसांची. त्यात दोन म्हातारे आणि एक गॅसचा सिलेंडर आला की श्वास एकमेकांच्या अंगावर पडतो. तरी सर माझ्याकडं बघायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, "सर, पाय जरा बाजूला घ्या, माझ्या बोटावर आहे." त्यांनी पाय उचलला. छताकडं बघून एकच शब्द बोलले, "गुप्तता."

आता हा मान काय आणि ही गुप्तता कसली, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी पवार. शिक्षण सातवी. चाळीस वर्षं भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बफिंग केलं. बफिंग म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या कापडी चाकाला भांडं दाबून धरायचं आणि त्याला चकाकी आणायची. माझ्या हातच्या ताटात लोकांना आपलं तोंड दिसायचं. माझं तोंड मात्र संध्याकाळी मलाच ओळखू यायचं नाही, इतकं काळं झालेलं असायचं. बायको जाऊन अकरा महिने झाले. मुलगी नाशिकला, तिच्या संसारात. सरांनी लग्नच केलं नाही. म्हणजे आमच्या मजल्यावर दारं दोन आणि माणसंही दोनच.

सर मुंबईच्या कॉलेजात शिकवायचे. रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाली. पण माणूस आजही सकाळी नऊला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःच्याच घरातल्या टेबलावर कामाला बसतो. ते एक त्रैमासिक काढतात. नाव 'अवजार'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हार्डवेअरवाल्याचं कॅटलॉग असेल. पाना-पक्कड काही लागलं तर यांच्याकडं मिळेल. तसं नाही. सुतार, लोहार, मीठवाले, मासेवाले, हातानं काम करणारी जी जी माणसं, त्यांच्या कामाबद्दल शिकलेली माणसं त्यात अभ्यास करून लिहितात.

पूर्वी ते छापून निघायचं. मग छापणाऱ्यानं प्रेस विकली आणि तो गावी गेला. तेव्हापासून अंक कॉम्प्युटरवर निघतो. कुठल्याशा विद्यापीठानं अशा पुष्कळ मासिकांसाठी मिळून कॉम्प्युटरवर एक जागा करून दिलीय. सर त्याला 'सामाईक मंच' म्हणतात. मला काही समजेना तेव्हा त्यांनीच समजावलं, "पवार, ही आपली सोसायटी बघा. जिना एक, पाण्याची टाकी एक, सेक्रेटरी एक. पण प्रत्येकाचं दार वेगळं, दारावर पाटी वेगळी. तसंच ते. शंभर मासिकं, शंभर दारं. 'अवजार' हा त्यातला एक फ्लॅट."

मी म्हटलं, "मग तिथंही लिफ्ट बंद पडत असेल."

"पडते," सर म्हणाले. "आणि तिथंही नोटीस इंग्रजीतच लावतात."

या मासिकात लेख असाच छापत नाहीत. आधी तो दोन जाणत्या माणसांकडं जातो. त्यांना परीक्षक म्हणतात. लेख कुणाचा ते परीक्षकाला सांगायचं नाही आणि परीक्षक कोण ते लेखकाला सांगायचं नाही. परीक्षकानं एकवीस दिवसांत वाचून तीनपैकी एक निकाल द्यायचा. स्वीकार, दुरुस्तीसह स्वीकार, नाहीतर नकार.

हे तीन निकाल सरांच्या रक्तात गेलेत. घरासमोर मेथी घेऊन बाई आली की सर जुडी उलटीपालटी करून म्हणणार, "दुरुस्तीसह स्वीकार. मुळं कापून द्या." ती बाई एकदा वैतागून म्हणाली, "ओ दादा, भाजी घेताय का केस घालताय?" न्हाव्याला सांगणार, "नकार. डावीकडं पुन्हा बघा." सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याची टाकी साफ करायचा विषय निघाला तर सर उठले आणि म्हणाले, याला आधी दोन तज्ज्ञांचं लेखी मत हवं. आमचे सेक्रेटरी जैनभाई हात जोडून म्हणाले, "सर, टंकी धोनी है, पीएचडी नहीं करनी." सगळे हसले. सर हसले नाहीत. टाकी धुतली आणि आठ दिवस पाणी गढूळ आलं. तेव्हा सर जिन्यातून उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबून नुसते बघायचे.

माझी बायको दर गुरुवारी त्यांना वाटीभर काहीतरी द्यायची. वाटी धुऊन परत यायची, आत चिठ्ठी. 'दुरुस्तीसह स्वीकार. मीठ.' ही चिडायची. "मेला माणूस आहे का शाळामास्तर? फुकटचं खातोय आणि मार्क देतोय." पण पुढच्या गुरुवारी मीठ बेतानं पडायचं. एका होळीला पुरणपोळी दिली. ताटलीत चिठ्ठी आली, नुसतंच 'स्वीकार'. त्या दिवशी ती दोन वेळा माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि काही न बोलता परत आत गेली.

सरांना उभ्या जन्मात एकच मित्र. दत्तात्रय केणी, भाईंदर पश्चिमेच्या मुर्धा गावचे. शाळेत मास्तर होते. बाप-आजा मिठागरात राबलेले. 'अवजार' या दोघांनी मिळून काढलं. लेख कुठलाही असो, पहिला केणी मास्तरांकडं जायचा. ते पूर्ण एकवीस दिवस घ्यायचे. एक दिवस कमी नाही की जास्त नाही. एकविसाव्या दिवशी संध्याकाळी मुर्ध्याहून सायकल मारत इकडं पूर्वेला यायचे आणि खालूनच हाक द्यायचे, "सर, हाय का घरान?" सर त्याआधी तासभर गॅलरीत उभे असायचे, आपण कपडे बघतोय असं दाखवत. मास्तरांचं मत एका ओळीचं असायचं. एका मोठ्या प्रोफेसरच्या लेखावर त्यांनी लिहिलं होतं, 'ह्यो मानूस मिठागरान उतरलेला न्हाय. परत धाडा.' सरांनी परत धाडला.

मास्तर दोन वर्षांपूर्वी वारले. मुर्ध्याला मी सरांबरोबर गेलो होतो. सर स्मशानात शेवटपर्यंत एका बाजूला उभे राहिले आणि लोक घराकडं वळले तशी मला म्हणाले, "चला, अंकाचं काम राहिलंय." मास्तरांच्या घरी त्यांनी पाऊल टाकलं नाही.

माझी बायको गेली तेव्हाही असंच. सर आमच्या दारात आले. उभे राहिले. मला वाटलं काहीतरी बोलतील. ते दोन पावलं मागं गेले, वळले आणि आपल्या घरात जाऊन त्यांनी दार लावलं. मला राग आला होता. खोटं कशाला सांगू? मी मनात म्हटलं, हा माणूस कागदाचा आहे.

तर मग यंदाची गोष्ट. एक दिवस सकाळी बेल वाजली. सर इस्त्रीच्या शर्टात, हातात पाकीट. आत आले नाहीत. दारातच उभं राहून त्यांनी पत्र वाचून दाखवलं. 'अवजार'कडं भाईंदरच्या स्टील कारखान्यांतल्या पॉलिश कामगारांवर एक लेख आलाय, त्याचे परीक्षक म्हणून आपण काम पाहावं अशी विनंती.

मी म्हटलं, "सर, मी सातवी."

"मी परीक्षक मागतोय, मार्कशीट मागत नाही," सर म्हणाले. "या विषयावर दोनशे पानं वाचलेली माणसं मला मिळतील. चाळीस वर्षं चाकासमोर उभा राहिलेला मिळणार नाही. आपण होकार दिलात की मंचावरच्या परीक्षक मंडळात आपलं नाव आणि फोन घालतो. आणि त्या क्षणापासून निकाल लागेपर्यंत आपला संबंध संपला."

"संपला म्हणजे?"

"संपादकानं परीक्षकावर दबाव आणता कामा नये. बोलणं बंद. चहा बंद. गुप्तता."

"आणि गॅसवाला आला आणि तुम्ही घरात नसलात तर?"

सर विचारात पडले. "सिलेंडर घेऊन ठेवा. पण तो परीक्षक म्हणून नव्हे, शेजारी म्हणून."

लेख आला. लेखकाच्या नावावर सरांनी काळी शाई फासली होती. खिडकीत उजेडाला धरलं की नाव स्वच्छ दिसत होतं. मी वाचलं नाही असंच मी सरांना आजवर सांगत आलोय.

आठ दिवस तो लेख वाचत होतो. एकेक पान दोनदा, तीनदा. सगळा चुकीचा नव्हता. पोरानं मेहनत केली होती, कारखाने फिरला होता. पण एका ठिकाणी लिहिलं होतं, कामगार तोंडाला मास्क किंवा फडकं बांधत. तिथं मी थांबलो. मग वही घेतली आणि लिहायला बसलो. इतकं मी जन्मात लिहिलं नव्हतं. त्यातलं थोडं इथं देतो.

'मास्क आमच्या वेळी कुणी बघितला नाही. फडकं होतं. आठवड्याचे कामाचे दिवस सहा, म्हणून फडकी सहा. फडकं कारखाना देत नव्हता. जुनं लुगडं फाडून घरची बाई करायची. रविवारी सोडा घालून उकळायची. पाणी काळं व्हायचं, ते ओतायचं, पुन्हा नवीन घ्यायचं, असं पाच-सहा वेळा. ती धूळ तिच्याही नाकातोंडात गेली असणार. लेखात कामगार किती ते दिलंय, त्यात ती धरलेली नाही. लेखकानं एकाही बाईला विचारलेलं दिसत नाही. विचारावं. लवकर विचारावं.'

खाली निकाल लिहिला, 'दुरुस्तीसह स्वीकार'. त्याखाली सही केली, पूर्ण नाव घातलं, खोली नंबरसकट पत्ता टाकला. खरं बोलणारा माणूस सही करतो, एवढं मला माहीत.

आता हे सरांना द्यायचं कसं? चार पावलांवर दार. पण त्यांनी बजावून ठेवलं होतं, टपालानं पाठवायचं. मी स्टेशनजवळ जाऊन पाकीट टाकलं. तिसऱ्या दिवशी पोस्टमन तेच पाकीट घेऊन आमच्या मजल्यावर आला. मी दारातच उभा होतो. त्यानं पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला, घ्यायचा पत्ता वाचला, माझ्याकडं बघितलं, समोरच्या दाराकडं बघितलं. "काका, तब्येत बरी आहे ना? हात लांब केला असता तरी पोचलं असतं."

मी म्हटलं, "गुप्तता."

तो बिचारा पाकीट सरकवून घाईनं खाली गेला.

चार दिवसांनी मलाही टपालानं उत्तर आलं. माझ्या मताच्या कागदाची खालची पट्टी, सही आणि पत्ता असलेली, कापलेली. सोबत सरांच्या अक्षरात दोन ओळी. 'परीक्षकाची ओळख पटेल असा भाग कापला आहे. बाकी एक शब्द बदललेला नाही.' ज्या माणसानं जैनभाईंच्या पार्किंगच्या नोटिशीवर लाल पेन चालवला होता, त्यानं माझा एक शब्द बदलला नव्हता. मी ती पट्टी पुन्हा पाकिटात ठेवली.

माझं काम तिथं संपलं. वाटलं, आता सर बोलतील. सर बोलेनात. एकवीस दिवस भरले तरी लिफ्टमध्ये भिंतीकडंच तोंड.

बाविसाव्या दिवशी मला फोन आला. "पवार सर बोलतायत का?"

जन्मात मला कुणी सर म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "राँग नंबर."

"नाही नाही, ठेवू नका. मी मंचाच्या ऑफिसातून बोलतेय. 'अवजार'च्या मंडळात तुमचं नाव आहे. देवस्थळी सर चार दिवस फोनच उचलत नाहीयेत, म्हणून तुम्हाला केला." मुलगी चांगली बोलत होती, अदबीनं. "काका, गुरुवारपर्यंत अंक निघाला नाही ना, तर 'अवजार'चं नाव मान्यता असलेल्या मासिकांच्या यादीतून जाईल. मागचा अंकही उशिरा निघाला होता. सलग दोनदा उशीर चालत नाही. माझ्या हातात नाही हो ते."

"यादीतून गेलं तर काय होतं?"

"यादीत नसलेल्या मासिकात कुणी लेख देत नाही. लिहिणाऱ्याच्या नोकरीत-बढतीत तो धरत नाहीत. मग मासिक आपोआप बंद पडतं."

मी विचारलं, "अडलंय कुठं? लेखकाचं काम बाकी आहे का?"

"नाही, त्यांनी तर दुरुस्ती करून पाठवली. चार बायकांना भेटून नवीन भाग लिहिलाय. तो लेख तयार आहे. पण त्याच्यासकट सगळे लेख दुसऱ्या परीक्षकाकडं, केणी सरांकडं अडलेत. त्यांचं उत्तर नाही, फोन बंद. पूर्वी मुदत संपली की लेख आपोआप पुढं सरकायचा. यंदापासून संपादकांना स्वतः परीक्षकाचं नाव कमी करावं लागतं, कारण देऊन. एवढंच करायचंय. देवस्थळी सर ते करत नाहीयेत. तुमच्याकडं केणी सरांचा दुसरा नंबर आहे का, काका? आम्ही त्यांना सात स्मरणपत्रं पाठवलीत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

ती पुढं बोलतच होती. "आणि मी मागचं काढून बघितलं. दोन वर्षं प्रत्येक लेख आधी त्यांच्याकडंच जातो. एकदाही उत्तर आलेलं नाही. तरी सर पुन्हा त्यांनाच पाठवतात."

मी म्हटलं, "मी बघतो," आणि फोन ठेवला.

डोकं तापलं होतं. मेलेल्या माणसाला सात पत्रं! शिकली-सवरलेली माणसं ही! तसाच उठलो आणि समोरची बेल दाबून धरली. सरांनी दार उघडलं. मला बघून तोंड भिंतीकडं वळवायला लागले.

"गुप्तता गेली खड्ड्यात," मी म्हटलं. "केणी मास्तर मेला, सर. आपण दोघं मुर्ध्याला उभे होतो."

सर दारातून बाजूला झाले. मी आत गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खोलीभर अंकांचे गठ्ठे, मधोमध टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. त्यावर एक ओळ दिसत होती. सर खुर्चीत बसले.

"मला माहीत आहे तो गेलाय," ते म्हणाले.

"मग हे काय चाललंय?"

"लेख पाठवला की इथं येतं, बघा. 'लेख परीक्षकाकडे आहे.' एकवीस दिवस तसंच दिसतं." सरांनी बोटानं ती जागा दाखवली. "सकाळी नऊला बसलो की पहिलं ते बघतो. केणीकडे आहे लेख. वाचतोय. त्याला वेळ लागायचाच, पवार."

"आणि एकविसाव्या दिवशी?"

"एकविसाव्या दिवशी 'उत्तर आलं नाही' असं येतं. तो दिवस वाईट जातो. मग दुसरा लेख येतो."

"तो पुन्हा त्यांनाच पाठवता."

"पुन्हा पाठवतो." सरांनी चष्मा काढला. "आता म्हणतात, तुम्ही स्वतः नाव कमी करा. चार दिवस मी हे पान उघडून बसलोय. जमत नाही. अंक जाईल. माहीत आहे. त्याचाच आहे तो अंक, अर्धा. तरी जमत नाही."

मी भांडायला गेलो होतो. स्टूल ओढून बसलो.

"सर," मी म्हटलं, "मी आठव्या दिवशी रेशनकार्डावरून हिचं नाव कमी केलं. रांगेत उभा राहून. खिडकीवरचा माणूस म्हणाला, तेरावं तरी होऊ द्यायचं, आजोबा. मी म्हटलं, गेलेलं माणूस काय धान्य खातं का? साड्या वाटून टाकल्या. चपला, चष्मा, डबे, सगळं. चौदाव्या दिवशी कपाट रिकामं होतं. मला वाटलं, मी शहाणा. जे आहे ते तोंडावर मानणारा." मी कॉम्प्युटरवरच्या त्या ओळीकडं बोट केलं. "आता घरात तिचं काही नाही. तुम्ही म्हणता तसं बघायला एक ओळसुद्धा नाही. तुमच्याकडं दर अंकाला एकवीस दिवस तरी होते."

सरांनी माझ्याकडं बघितलं. माणूस माणसाकडं बघतो तसं.

"शेजारी बसाल का?" ते म्हणाले.

मी स्टूल टेबलाजवळ घेतलं. त्यांनी पान उघडलं. नाव कमी करण्याचं कारण निवडा, असं होतं आणि खाली चार पर्याय. सर वाचत गेले. "निवृत्त. केणी निवृत्त होणारा माणूस नव्हता. संस्था सोडली. छे. प्रतिसाद नाही." इथं ते चिडले. "प्रतिसाद नाही? तीस वर्षांत त्याचा प्रतिसाद आला नाही असं एकदा झालं नाही. पावसात यायचा, प्लास्टिकमध्ये कागद गुंडाळून. त्याच्या नावापुढं हे लिहू?"

"चौथं काय आहे?"

"इतर. त्यात आपल्या शब्दांत लिहायचं."

"मग लिहा."

सरांनी बोटं ठेवली. लोकांची पानंच्या पानं कापणारा हा माणूस एका ओळीसाठी अडून बसला. बाहेर खालच्या गॅरेजवाल्याचं ठोकणं चालू झालं, बंद झालं, परत चालू झालं. शेवटी मीच म्हटलं, "सर, लिहा. वारले. कामात कसूर नव्हती."

त्यांनी टाइप केलं. मग थांबले. "कसूर नव्हती की कसूर केली नाही?"

"दोन्ही खरं आहे. दाबा आता."

त्यांनी दाबलं. केणी मास्तरांचं नाव परीक्षकांच्या यादीतून गेलं. ते गेल्याबरोबर एक पत्र आलं, मशीननं आपोआप पाठवलेलं, मास्तरांच्या नावानं, एक प्रत संपादकांना. आपण परीक्षक म्हणून दिलेल्या वेळेबद्दल आभार. सरांनी ते दोनदा वाचलं. माझ्या जिभेवर काहीतरी आलं होतं, मेलेल्याला कसले आभार वगैरे. मी ते गिळलं. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सर टेबलावरून उठले नाहीत. अडलेल्या प्रत्येक लेखावर त्यांनी स्वतःचं मत लिहिलं. मी पोळी-भाजी करून नेऊन दिली. बुधवारी दुपारी अंक निघाला. ऑफिसातल्या मुलीचा मलाच फोन आला, "पवार सर, झालं! नाव राहिलं यादीत." मी सांगितलं, "मी सर नाही, पण झालं ते बरं झालं."

सर पूर्वीसारखे बोलायला लागले. म्हणजे मला, भाजीवालीला आणि जैनभाईंना निकाल द्यायला लागले. मला वाटलं, निभावलं.

पंधरा दिवसांनी भरदुपारी बेल वाजली. सर दारात. हातात ना पाकीट, ना कागद. शर्ट इस्त्रीचा, पण पायांत काही नाही.

"नवीन लेख आला," ते म्हणाले. "परीक्षकांना पाठवला. एक नागपूरचे आहेत, एक कोल्हापूरचे. चांगली माणसं आहेत."

"मग आता?"

"आता काही नाही. एकवीस दिवस मुदत आहे."

दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभे राहिले. मी म्हटलं, आत या, पंखा लावतो. ते आत आले नाहीत.

"पवार, मी केणीच्या घरी अजून गेलो नाही," ते म्हणाले. "त्याच्या बायकोनं दोनदा निरोप पाठवला. त्याचे कागद आहेत म्हणे, माझ्यासाठी बांधून ठेवलेत. दोन वर्षं झाली. मी सांगत राहिलो, अंकाचं काम आहे." मग जिन्याकडं बघत म्हणाले, "एकट्यानं जमेलसं वाटत नाही. तुम्ही याल का? उद्या-परवा, तुम्हाला सवड असेल तेव्हा."

सवड! मला सवडीशिवाय आहे काय?

"उद्या-परवा नाही," मी म्हटलं. "आत्ता. खाली रिक्षा मिळेल. चप्पल घाला."

सर आत गेले. मी घराला कुलूप लावलं आणि जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. चप्पल घालायला माणसाला इतका वेळ लागत नाही. आतून नळाचा आवाज आला. तोंड धूत असावेत. मग तोही बंद झाला. लिफ्ट वर आली, दार उघडलं, रिकामीच खाली गेली. मी हाक मारली नाही.